विद्येचें नूतनीकरण

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें. त्यांची ज्येष्ठ कन्या प्राणिशास्त्राची पदवी घेऊन उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेली, तेथें वन्यजीवशास्त्र या विषयांत एम्. एस्. झाली, आणि आतां तोच व्यवसाय पत्करण्याचा तिचा निश्चय आहे. घरांत आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडें असा मोठा परिवार. डॉक्टर, वकील, एंजिनियर हे शब्द या घराच्या परिचयाचे. परंतु रानांतील हरणें मोजणें हाही एक धंदा असूं शकतो, ही कल्पना वडील मंडळींच्या पचनीं पडत नाहीं. त्यांत कन्येनें असें कळविलें कीं, पदवी मिळाली तरी व्यवसायाचें पूर्ण प्रमाणपत्र मिळण्यास आणखी पांच वर्षें काम करावें लागेल, आणि तें मिळाल्यावरही दर पांच वर्षांनीं नवें करून घ्यावें लागेल. यावर आजोबांचा प्रश्न असा कीं, विद्या एकदां आली ती आली. तिला मुदत कसली? हा फी उकळण्याचा उद्योग तर नव्हे? आणि इतकें करून मुलीचें पोट भरेल काय, अशी पुस्ती वडिलांनीं जोडली आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी तो एकाच घरापुरता नाहीं. मुलांनीं काय शिकावें हें पूर्वीं घरांतील वडील माणूस ठरवीत असे, कारण ती वाट त्याच्या पायांखालची होती. आतां मुलें ज्या वाटांनीं जात आहेत त्यांचीं नांवेंही वडिलांनीं ऐकलेलीं नसतात. अशा वेळीं माहिती न घेतां विरोध करणें जितकें अनुचित, तितकेंच माहिती न घेतां संमति देणेंही अनुचित होय. म्हणून हा व्यवसाय काय आहे, त्याचें प्रमाणपत्र कसें मिळतें, आणि त्याला मुदत कां असते, याचा क्रमानें विचार करूं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेची भूमि वन्य पशुपक्ष्यांनीं इतकी समृद्ध होती कीं, ही संपत्ति कधीं आटेल असें फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. पॅसेंजर पिजन नांवाच्या पारव्यांचे थवे जाऊं लागले म्हणजे सूर्य झांकला जाई, असें तत्कालीन निरीक्षकांनीं लिहून ठेविलें आहे. त्या जातींतील शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत मेली. बायसन नांवाचे रानबैल कोट्यवधींच्या संख्येंतून शतकाच्या अखेरीस कांहीं शेंकड्यांवर आले. तेव्हां सरकार जागें झालें. १९०० सालच्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या शिकारीचा एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत होणारा व्यापार बंद केला. परंतु कायदा "मारूं नका" एवढेंच सांगूं शकतो. जनावरें किती आहेत, तीं काय खातात, केव्हां वितात, किती मारलीं तरी कळप टिकेल, आणि कळप रोडावला तर त्याचें कारण बंदूक कीं उपासमार कीं रोग, हें सांगणारा माणूस वेगळा लागतो.

असे लोक तयार करणाऱ्यांत आल्डो लिओपोल्ड हे अग्रणी होत. १९३३ सालीं त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं विस्कॉन्सिन विद्यापीठानें त्यांना या विषयाचे प्राध्यापक नेमिलें. १९३७ सालीं या क्षेत्रांतील अभ्यासकांची 'दि वाइल्डलाइफ सोसायटी' ही संस्था उभी राहिली. लिओपोल्ड तिच्या संस्थापकांपैकीं होते. त्याच वर्षीं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठीं मिळावें, असा त्याचा आशय. पैसा आला म्हणजे नोकऱ्या येतात, आणि नोकऱ्या आल्या म्हणजे लायक व नालायक असे दोन्ही प्रकारचे उमेदवार येतात. त्यांची पारख करण्यास कांहीं माप असावें म्हणून सोसायटीनें १९७७ सालीं प्रमाणपत्रांची पद्धति सुरू केली.

या प्रमाणपत्रासाठीं लेखी परीक्षा नसते, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. उमेदवारानें आपल्या अभ्यासाचे दाखले व कामाचा तपशील पाठवावयाचा, आणि त्याच व्यवसायांतील जाणत्या माणसांच्या मंडळानें तो पारखावयाचा. अभ्यासाचें माप सेमिस्टर-तासांत असतें. एक सत्रभर आठवड्यास एक तास शिकविलें म्हणजे तो एक सेमिस्टर-तास. सोसायटीच्या रूढ नियमांप्रमाणें जीवशास्त्रीय विषयांचे ३६ तास लागतात. त्यांत वन्यजीव-व्यवस्थापनाचे ६, वन्यजीवांच्या जीवशास्त्राचे ६, परिस्थितिविज्ञानाचे ३, प्राणिशास्त्राचे ९ आणि वनस्पतिशास्त्राचे ९. याशिवाय भौतिक शास्त्रें ९, संख्याशास्त्र ३, इतर गणिती विषय ६, मानव्य व सामाजिक शास्त्रें ९, धोरण, प्रशासन व कायदा ६, आणि लेखन-भाषण १२.

या यादींतील दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली संख्याशास्त्राची. रानांतील प्रत्येक जनावर मोजणें कोणालाच शक्य नाहीं. समजा, एका तळ्यावरील ५० बदकें धरून त्यांच्या पायांत कडीं अडकविलीं व सोडून दिलीं. कांहीं दिवसांनीं पुन्हां ६० बदकें धरलीं, आणि त्यांत कडें असलेलीं १० निघालीं. म्हणजे सहांपैकीं एकाच्या पायांत कडें आहे; म्हणून ५० च्या सहापट, सुमारें ३०० बदकें त्या तळ्यावर असावींत. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरांतून रोज होते, ती हीच. परंतु शीत वरचें उचललें कीं तळचें, भात सारखा शिजला आहे कीं खालीं लागला आहे, हें न पाहिल्यास परीक्षा फसते. मधल्या काळांत कांहीं बदकें उडून गेलीं, कांहीं नवीं आलीं, किंवा एकदां धरलेलें बदक शहाणें होऊन सांपळ्याकडे फिरकेनासें झालें, तर ३०० हा आंकडा खोटा ठरतो. आंकड्यांत चूक किती असूं शकेल हें सांगणें हें संख्याशास्त्राचें काम. शिकारीचे परवाने अशा आंकड्यांवर ठरतात. हिशेब चुकला तर दंड हिशेबनिसाला होत नाहीं. तो कळपाला भरावा लागतो.

दुसरी गोष्ट लेखन-भाषणाची. प्राणिशास्त्राला ९ तास आणि लिहिण्या-बोलण्याला १२, हें प्रमाण प्रथमदर्शनीं विचित्र दिसतें. परंतु किंचित् विचार केला असतां त्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. हरणाला आपलें ज्ञान ऐकवावयाचें नसतें. ज्याच्या मेंढ्या लांडग्यानें फाडल्या त्या धनगराला, ज्याला अधिक परवाने हवे आहेत त्या शिकाऱ्याला, आणि ज्याला एकही परवाना नको आहे त्या दयाळू नागरिकाला, एकच गोष्ट तिघांनाही समजेल अशा भाषेंत सांगावयाची असते. शिवाय न्यायालयांत साक्ष द्यावी लागते, विधिमंडळापुढें टिपण ठेवावें लागतें. शास्त्र येतें पण सांगतां येत नाहीं असा मनुष्य येथें निरुपयोगी. भाषेचे विषय म्हणजे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं कसेबसे उरकावयाचें ओझें, असें मानणाऱ्या आमच्याकडील पालकांनीं ही यादी एकदां डोळ्यांखालून घालावी.

अभ्यासाच्या अटी पुऱ्या झाल्या आणि अनुभव नसला, तर 'सहयोगी वन्यजीवशास्त्रज्ञ' हा पहिला दर्जा मिळूं शकतो. तेव्हां पहिल्या पांच वर्षांत मुलगी अगदींच बेनांवाची राहील ही भीति नको. 'प्रमाणित वन्यजीवशास्त्रज्ञ' या पूर्ण दर्जासाठीं मागील १० वर्षांच्या आंत ५ वर्षांचें व्यावसायिक काम दाखवावें लागतें. नुसते सांपळे वाहण्याचें काम त्यांत धरीत नाहींत. शास्त्राचा आपल्या बुद्धीनें उपयोग करून वन्यजीवांच्या रक्षणाचें किंवा व्यवस्थापनाचें कांहीं कार्य केलें असलें पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे व्यवसायाची आचारसंहिता मान्य करावी लागते. जनतेचें व वन्यजीवांचें हित ही आपली मुख्य जबाबदारी असल्याचें काम देणाऱ्यास आधींच स्पष्ट सांगावें, आणि ज्या कामाचें शिक्षण किंवा अनुभव आपणांस नाहीं तें पत्करूं नये, असा तिचा भाव आहे. हें कागदावर सोपें दिसतें. परंतु रस्ता काढणारी एखादी कंपनी पैसे मोजून विचारते, "या डोंगरांत वटवाघळें नाहींत, एवढें लिहून द्याल ना?" अशा वेळीं सहीच्या पुढें लिहिलेल्या उपाधीची खरी कसोटी लागते. आचारसंहिता मोडली तर ती उपाधि काढून घेतां येते.

आतां आजोबांच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. पूर्ण प्रमाणपत्र ५ वर्षें चालतें, आणि त्या अवधींत ८० तासांचा नवा अभ्यास व व्यवसायोन्नतीचें काम केल्याचें दाखविल्यास त्याचें नूतनीकरण होतें. परिषदा, कार्यशाळा, अभ्यासक्रम, शोधनिबंधांचें लेखन अशा मार्गांनीं हे तास भरतात. वर्षाला हिशेब पडतो १६ तासांचा. एवढा वेळ तर आपल्या घरांतून दिवाळीच्या चकल्यांना लागतो! फी द्यावी लागते हें खरें. परंतु नुसती फी भरून प्रमाणपत्र पुढें चालत नाहीं, हा मुद्दा आजोबांनीं लक्षांत घ्यावा.

पण मुळांत नवें शिकण्यासारखें होतें तरी काय? लांडगा तोच, हरीण तेंच. याचें उत्तर खुद्द लिओपोल्ड यांच्या चरित्रांत सांपडतें. १९०९ सालीं ते वनखात्यांत नोकरीस लागले, तेव्हां लांडगे मारले म्हणजे हरणें वाढतील हें सर्वमान्य मत होतें, आणि त्यांचेंही तेंच होतें. त्यांनीं स्वतः लांडगे मारले, मारण्याचा पुरस्कारही केला. पुढें अनेक वर्षांच्या निरीक्षणानें त्यांची खात्री पटली कीं, लांडगे गेले म्हणजे हरणें बेसुमार वाढतात, डोंगर बोडका करतात आणि अखेर स्वतःच उपाशी मरतात. १९४९ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनाच्या दुसऱ्या वर्षीं, प्रसिद्ध झालेल्या 'ए सँड काउंटी अल्मनॅक' या पुस्तकांत त्यांनीं हा मतपालट मोकळेपणानें लिहिला आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत सरकारी माणसांनींच १९२६ सालापर्यंत लांडग्यांचा निःपात केला. मग एल्क नांवाचीं मोठीं हरणें इतकीं माजलीं कीं, १९६० च्या दशकापर्यंत तीं सरकारलाच धरून व मारून कमी करावीं लागलीं. शेवटीं १९९५ व १९९६ या दोन वर्षांत कॅनडांतून ३१ लांडगे आणून तेथें सोडण्यांत आले. ज्या खात्यानें मारले त्याच खात्यानें बोलावून आणले. १९२० सालचें ज्ञान जन्मभर पुरविणारा मनुष्य १९९५ सालीं काय करता?

दुसरें उदाहरण वटवाघळांचें. २००६ सालच्या हिंवाळ्यांत न्यूयॉर्क राज्यांतील एका गुहेंत नाकावर पांढरी बुरशी आलेलीं वटवाघळें दिसलीं. थंडीच्या दिवसांत हीं वटवाघळें शरीरांत सांठविलेल्या चरबीवर झोंप काढतात. बुरशीमुळें त्यांची झोंप वारंवार मोडते, चरबी अवेळीं संपते, आणि बाहेर किडे नसल्यानें तीं मरतात. या रोगानें आतांपर्यंत लक्षावधि वटवाघळें मेलीं. गुहेंत जाणाऱ्या माणसाच्या बुटांना, दोरांना व कपड्यांना चिकटून ही बुरशी दुसऱ्या गुहेंत जाऊं शकते, हें पुढें ध्यानांत आलें, आणि सामान निर्जंतुक करण्याचे कडक नियम झाले. येथें थोडें थांबून विचार करावा. जुन्या पद्धतीनें शिकलेला, प्रामाणिक, कष्टाळू शास्त्रज्ञ वटवाघळें वांचविण्याच्या हेतूनें एका गुहेंतून दुसऱ्या गुहेंत जातो, आणि आपल्याच बुटांनीं मरण घेऊन जातो. हेतु शुद्ध, कष्ट खरे. उणीव फक्त गेल्या कांहीं वर्षांच्या वाचनाची.

तीच गोष्ट हरणांच्या झिजीच्या रोगाची. १९६७ सालीं कोलोरॅडो राज्यांत पाळीव स्थितींत ठेविलेल्या हरणांत तो प्रथम आढळला. जनावर झिजत झिजत मरतें. हा जंतूंचा रोग नसून, 'प्रायॉन' नांवाच्या विकृत प्रथिनांपासून तो होतो, आणि तीं प्रथिनें मातींत वर्षानुवर्षें टिकून राहतात. 'प्रायॉन' हें नांवच १९८२ सालीं प्रचारांत आलें. आज हा रोग अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत पोंचला आहे. म्हणजे १९७७ सालीं ज्यांना पहिलीं प्रमाणपत्रें मिळालीं, त्यांच्या पाठ्यपुस्तकांत हा शब्दही नव्हता.

विद्येला मुदत नसते, हें आजोबांचें म्हणणें परंपरेला धरून आहे असें त्यांस वाटत असेल, तर नम्रपणें एक गोष्ट निदर्शनास आणूं इच्छितों. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींत अध्ययन पुरें झालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. त्यांत सत्य व धर्म यांच्या बरोबरीनें स्वाध्यायांत हयगय करूं नये असें बजावलें आहे. हा उपदेश गुरुगृहीं प्रवेश करणाऱ्याला केलेला नाहीं. तो घरीं परतणाऱ्याला आहे. विद्या संपली असें ज्या दिवशीं वाटण्याचा संभव, त्याच दिवशीं आचार्यांनीं ही सूचना द्यावी, यांत मनुष्यस्वभावाचें खोल ज्ञान आहे. ज्योतिषशास्त्र जुनेंच, तरी गेल्या वर्षाच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त कोणी काढीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रमाणपत्राशिवाय थोर झालेलीं माणसें नाहींत काय? अवश्य आहेत. डॉ. सलीम अली यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि त्यामुळें भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यांतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळूं शकली नाहीं. परंतु पुढें त्यांनीं काय केलें हें पाहावें. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील नोकरींतून रजा काढून ते बर्लिनला गेले, प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं शास्त्रशुद्ध पद्धति शिकले, आणि परत आल्यावर अलिबागजवळच्या किहीम येथें सुगरणीच्या घरट्यांपुढें तासन्‌तास बसले. पदवी नव्हती, स्वाध्याय मात्र जन्मभर होता. तेव्हां प्रमाणपत्र म्हणजे विद्या नव्हे, हें कबूल. तें अनोळखी माणसासाठीं असतें. घरचे वैद्य आपणांस ठाऊक असतात, त्यांचा फलक आपण वाचीत नाहीं. परगांवीं मात्र फलक पाहूनच दार ठोठावतों. ज्या देशांत आपल्या मुलीचें गोत्र, गांव, घराणें कोणालाही ठाऊक नाहीं, तेथें तिच्या कामाची ओळख पटविणारा असा एक कागद उपयोगी पडतो.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र निर्भेळ गोड नाहीं. वैद्यकाच्या परवान्याप्रमाणें हें प्रमाणपत्र कायद्यानें सक्तीचें नाहीं. तें ऐच्छिक आहे. तें असलें म्हणून नोकरी मिळतेच असें नाहीं, आणि नसलें म्हणून सर्व दारें बंद होतात असेंही नाहीं. संघराज्य सरकारच्या नोकऱ्या सामान्यतः अमेरिकन नागरिकांसाठींच असतात. ही अडचण कोणत्याही प्रमाणपत्रानें दूर होत नाहीं. शिवाय त्या नोकऱ्यांचें अभ्यासाचें मापही थोडें निराळें आहे: वन्यजीवविषयक ९, प्राणिशास्त्राचे १२ व वनस्पतिशास्त्राचे ९ सेमिस्टर-तास. राज्यांचीं खातीं, विद्यापीठें, खाजगी सल्लागार-संस्था व धर्मादाय संस्था यांचे नियम आपापले असतात. तेव्हां परदेशीं असलेल्या विद्यार्थ्यानें हा विचार पहिल्या सत्रापासून करावा. भारतांत शिकलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तास व गुण यांचे अधिकृत दाखले जपून ठेवावे. कारण वनस्पतिशास्त्राचे दोन-तीन तास कमी पडले म्हणून अर्ज अडला, तर तें छिद्र नोकरी करतांना बुजविणें फार जड जातें. कामाची रोजनिशी महिन्याच्या महिन्यास लिहावी. पांच वर्षांपूर्वीं कोणत्या खोऱ्यांत काय मोजलें हें स्मरणावर सोडूं नये.

घरच्यांनीं करावयाचें कामही थोडें आहे. दूर असलेल्या मुलांना आपण फोनवर दोन प्रश्न ठराविक विचारतों: जेवलीस का, आणि पगार वाढला का. दोन्हीही प्रेमापोटीं असतात, ते सोडावे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांना तिसऱ्याची जोड द्यावी: यंदा नवें काय शिकलीस? ज्या घरांतील आजोबा हा प्रश्न विचारतात आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतात, त्या घरांतील नातीला ते ८० तास जड वाटणार नाहींत. आणि वटवाघळांच्या झोंपेची हकीकत ऐकतां ऐकतां आजोबांच्या पदरींही चार नव्या गोष्टी पडतील. अस्तु.